थंडी मोहोराला लागते, गाडीला नाही



आज तुडतुड्यांवर लिहिणार नाही, मोहोरावरही नाही. आज गाडीवर लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय.

थंडी पडली. पडायलाच हवी होती. दिवाळी झाली की आपण सगळे तिचीच वाट बघत असतो. रात्री गार, दिवसा कोरडं ऊन, असे आठ-दहा दिवस सलग मिळाले की जून झालेल्या काडीतून मोहोर बाहेर पडायला लागतो. त्यामुळे थंडीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती थंडी पडल्यावर आमच्या वाडीत पहाटे पाचला जो कार्यक्रम सुरू होतो त्याबद्दल. ह्याच्या खळ्यात पिकअप, त्याच्या पडवीला लागून टेम्पो, खालच्या आळीत जीप. किल्ली फिरवायची, इंजिन चालू करायचं आणि मालकाने चहा प्यायला घरात जायचं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कधी वीस. गाडी जागच्या जागी, धूर चालू. विचारलं की उत्तर ठरलेलं, "थंडी हाय ना, इंजिन तापू दे जरा."

त्यात दर वर्षी मोबाईलवर एक मेसेज फिरतो. थंडीत गाडीची काळजी कशी घ्याल, पहिला मुद्दा, दहा-पंधरा मिनिटं इंजिन गरम करा. कुणी लिहिला, कुठल्या गावासाठी लिहिला, काही पत्ता नाही. पण आपण पुढे पाठवतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात उभ्या गाडीचं इंजिन तापवत ठेवायची गरज कुठल्याही धड गाडीला नाही. अर्धं मिनिट पुरे. वरच्या चौदा मिनिटांत डिझेल जातं, इंजिनाचं नुकसान होतं आणि घरातली माणसं धूर खातात. यातला तिसरा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी थंडीचाच हिशोब करू. रत्नागिरीला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे किती असतं? साधारण १६ ते २० अंश. लांजा, संगमेश्वरकडे नदीच्या खोऱ्यात अजून थोडं खाली. दापोलीला एखाद्या वर्षी दहाच्या खाली जातं, तेव्हा त्याची बातमी होते. आता इंजिनाचं बघा. गाडीतलं पाणी, म्हणजे कूलंट, ८०-९० अंशांवर गेलं की इंजिन पूर्ण गरम झालं असं धरतात. थंडीत १७ वरून निघालात तर ८५ गाठायला ६८ अंश चढायचे. मे महिन्याच्या पहाटे २६ अंश असतात, तिथून ५९ अंश चढायचे. फरक नऊ अंशांचा. मग मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून पहाटे चारला निघताना कोण गाडी तापवत बसतो? कोणीच नाही. किल्ली मारली की चालला. तेव्हा इंजिन बिघडत नाही, मग नऊ अंशांनी डिसेंबरात कसं बिघडेल? थंडी आपल्याला लागते, आपण कानटोपी घालतो, आणि गाडीलाही लागत असेल असं धरून चालतो.

मग ही सवय आली कुठून? माझ्या मते दोन ठिकाणांहून. दोन्ही ठिकाणी ती बरोबर होती.

एक म्हणजे कार्बोरेटरच्या गाड्या. जुन्या पेट्रोल जीप, पद्मिनी, अँबॅसिडर, पहिल्या मारुती. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नसे, म्हणून चोक ओढायचा. चोक आत ढकलला आणि इंजिन तापलेलं नसलं की गाडी गचके देऊन बंद पडायची, तीही नेमकी चढावर. त्यामुळे थोडं थांबावं लागायचं. पण मोटारींमधून कार्बोरेटर २००० सालाच्या आसपास जायला लागला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हा बहुतेक सगळ्या नव्या दुचाकीतूनही गेला. आता इंजेक्टर आहे. किती इंधन सोडायचं ते सेन्सर आणि गाडीतला छोटा संगणक ठरवतो, पहिल्या सेकंदापासून. चोक गेला, चोकची सवय तेवढी राहिली.

दुसरं ठिकाण म्हणजे वस्तीची एसटी. आपल्यापैकी किती जण त्या आवाजाने शाळेसाठी उठलेत! रात्री गावात मुक्कामाला आलेली गाडी पहाटे ड्रायव्हर चालू करायचा, बराच वेळ घरघर करत ठेवायचा, मग निघायचा. आपण म्हणायचो, ड्रायव्हर गाडी गरम करतोय. पण त्याचा डोळा हवेच्या दाबाच्या काट्यावर असायचा. एसटीला, ट्रकला हवेवर चालणारे ब्रेक असतात. रात्रभरात टाकीतली हवा उतरते. इंजिनावरचा कॉम्प्रेसर चालून ती परत भरेपर्यंत गाडी हलवायची नसते, नाहीतर पहिल्याच उतारावर ब्रेक लागणार नाही. म्हणजे तो थांबत होता हवेसाठी. तुमच्या-माझ्या पिकअपला ब्रेक ऑइलवर चालणारा ब्रेक आहे. त्याच्या बूस्टरला इंजिन चालू झाल्यावर काही सेकंद लागतात. एसटीच्या ड्रायव्हरला कारण होतं, आपण फक्त घरघर उचलली.

आता उभ्या गाडीत काय होतं ते बघू. मी दहावी पास माणूस, मेकॅनिक नाही. पण तीस वर्षं फवारणीचा पंप, टिलर आणि गाडी स्वतः उघडत आलोय, आणि यात न कळण्यासारखं काही नाही.

किल्ली मारल्यावर इंजिनाला पहिली गरज असते ऑइलची. रात्रभर ते खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. पंप ते वर चढवतो, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा दोन-चार सेकंदांत विझतो. टर्बो असेल तर त्याच्या बेअरिंगपर्यंत ऑइल नीट पोचायला अजून थोडी सवड द्यायची. अर्ध्या मिनिटात हे सगळं होतं. उरलेल्या चौदा मिनिटांत ऑइल आणखी कुठे जाणार आहे?

दुसरं, इंजिन तापतं ते कामाने. पोरगं कुदळ मारायला लागलं की पाच मिनिटांत स्वेटर काढतं, बांधावर नुसतं उभं राहिलं तर तासाभराने पण कुडकुडत असतं. इंजिनाचं तसंच. त्यातून डिझेल इंजिन रिकामं चालताना इतकं थोडं डिझेल जाळतं की ते धड तापतच नाही. पंधरा मिनिटं उभं राहून जेवढं तापेल त्याहून जास्त दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून तापतं. आणि निम्मी गाडी तर उभ्याने तापतच नाही. मागचा डिफरन्शियल, चाकांची बेअरिंगं, टायर, शॉकअप हे चाक फिरल्याशिवाय गरम कसे होणार? पहाटे गिअर जड पडतो, कारण गिअरबॉक्समधलं ऑइल घट्ट असतं. तेही खरं हलतं ते गाडी चालायला लागल्यावर. म्हणजे पंधरा मिनिटं इंजिन तापवून निघालात तरी बाकीची गाडी गारच आहे, आणि सुरुवातीला सावकाश जावंच लागणार आहे. मग आधीपासूनच सावकाश का निघू नये?

तिसरं, गार इंजिनात इंधन पूर्ण जळत नाही. न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं. आमच्याकडे एक गृहस्थ अभिमानाने सांगायचे, "माझी गाडी ऑइल खात नाही, उलट काडीवर ऑइल वाढलेलं दिसतं." अहो, ऑइल कधी वाढतं का? ते डिझेल उतरलंय खाली. गाय न विता दूध वाढलं तर समजायचं कुणीतरी पाणी घातलंय.

बीएस-६ डिझेल गाडी असेल तर अजून एक. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. अडलेली काजळी जाळायला तो चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी रस्त्यावर थोडा वेळ बऱ्या वेगाने चालावी लागते. उभ्या गाडीत काजळी जमते, जळत नाही. आधीच आपल्या फेऱ्या आखूड, घर ते बाग, बाग ते नाका. त्यात रोज पंधरा मिनिटं उभ्याने धूर. मग दिवा लागतो, गाडी ओढत नाही, आणि आपण कंपनीला शिव्या देतो.

डिझेलचा खर्चही मांडतो. पिकअपच्या आकाराचं इंजिन उभ्याने तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पितं, गाडी-गाडीप्रमाणे कमीजास्त. पंधरा मिनिटांचं झालं अर्धा पाव ते पाव लिटर. थंडीचे शंभर दिवस धरा. साडेबारा ते पंचवीस लिटर. नव्वद रुपयांनी हजार-अकराशे ते सव्वादोन हजार. कुणी म्हणेल एवढ्याने काय होतंय. पण हाच माणूस औषधाच्या दुकानात पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो, आणि इथे गाडी एक फूट न हलवता दोन हजार जाळतो.

आता मला नेहमी मिळणारी उत्तरं घेतो.

"आमच्या वाडीतून बाहेर पडलं की लगेच उभा चढ आहे." हे खरं आहे. कोकणात घरं खाली वहाळाला आणि रस्ता वर सड्यावर. गाडी भरलेली असेल आणि दारातूनच चढ लागत असेल तर मिनिट-दोन मिनिटं द्या, माझी हरकत नाही. पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलेटर न दाबता चढा. पण दोन मिनिटं म्हणजे वीस मिनिटं नव्हेत.

"काचेवर दव असतं." मग फडकं आहे ना! फडक्याने अर्ध्या मिनिटात काच पुसून होते. आतून वाफ धरली तर चालू गाडीत काच किंचित खाली करा, एसी असेल तर लावा.

"पंप, टिलर तापवल्याशिवाय काम देत नाहीत." बरोबर. फवारणीच्या पंपाच्या छोट्या पेट्रोल इंजिनाला अजून चोक आहे. चोक काढूनही ते नीट चालायला लागलं की प्रेशर द्या. टिलरचंही तसंच, हँडल मारून चालू झाला की मिनिटभर जाऊ द्या आणि मग मातीत घाला. त्यांचा नियम इंजेक्टरच्या गाडीला लावू नका.

"माझी गाडी गरम झाल्याशिवाय ओढतच नाही." तर मग दादा, ती आजारी आहे. हीटर प्लग गेला असेल, बॅटरी उतरली असेल, डिझेलच्या लाईनमध्ये हवा धरत असेल, एअर फिल्टर चोंदला असेल. किंवा तिचा थर्मोस्टॅट वॉल्व्ह कुणीतरी काढून टाकलेला असेल. हे आपल्याकडे सर्रास चालतं. गाडी घाटात तापली की मिस्त्री वॉल्व्ह काढून हातात देतो आणि सांगतो, आता कधी तापणार नाही. बरोबर, आता ती थंडीतही धड तापत नाही, कारण पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरून गार होतं. मग मालक रोज सकाळी वीस मिनिटं धूर काढत बसतो. वॉल्व्ह परत बसवा, आणि रेडिएटर का चोंदला ते बघा. ऑइल कुठल्या नंबरचं आहे तेही बघा. डब्यावर डब्ल्यू असं अक्षर असतं, ते विंटर म्हणजे हिवाळ्याचं. त्याच्या आधीचा आकडा जेवढा लहान तेवढं ते ऑइल गारव्यात पातळ राहतं. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलाच नंबर घाला, स्वस्त मिळाला म्हणून दुसरा नको.

आणि गंमत बघा. सकाळी टर्बोच्या काळजीने पंधरा मिनिटं उभे राहणारे हेच लोक भरलेली गाडी घेऊन आंबा घाट किंवा कुंभार्ली चढतात, वर चहाच्या टपरीवर थांबतात आणि थांबल्या-थांबल्या किल्ली काढतात. टर्बो तेव्हा लाल होईपर्यंत तापलेला असतो. इंजिन बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि आतलं ऑइल तिथेच करपतं. तिथे मिनिटभर इंजिन चालू ठेवायला हवं. जिथे थांबायचं तिथे घाई आणि जिथे निघायचं तिथे मुक्काम, असं आपलं चाललंय.

कुणी म्हणेल, थंड मुलखात तर तापवतातच. तिथलंही ऐका. खरी थंडी लडाखात. तिथे साधं डिझेल गोठून त्यात मेणासारखं जमतं आणि पाइप बंद होतात. त्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे हिवाळ्याचं वेगळं डिझेल आणलं, जे उणे ३३ अंशांपर्यंत ओतता येतं. म्हणजे उपाय डिझेलमध्ये केला. कॅनडात फार थंड भागात गाडीच्या पुढून विजेची वायर लोंबत असते. रात्री ती घरच्या प्लगला लावतात आणि इंजिन बंद असतानाच ऊब देतात. तिथलं सरकार लोकांना सांगतं की अर्धं मिनिट थांबा आणि निघा. टोरांटो शहरात उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवण्याविरुद्ध १९९६ पासून नियम आहे. जर्मनीत काचेवरचा बर्फ खरवडताना इंजिन चालू ठेवलं तरी दंड होऊ शकतो. ज्यांच्या दारात बर्फ पडतो ते अर्ध्या मिनिटात निघतात, आणि आपण सोळा अंशांत वीस मिनिटं उभे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

आपल्याकडे बागेची राखण, फवारणी, पुढे काढणी हे बरंचसं काम नेपाळी मंडळी करतात. बायको-मुलांसह येतात, हंगामभर बागेत राहतात. राहायला काय देतो आपण त्यांना? बहुतेक ठिकाणी मांगर. एका बाजूला खोकी, बॅरल, औषधं, मध्ये गाडी, आणि पलीकडे नाहीतर वर माळ्यावर त्यांचं बिऱ्हाड. थंडी असते म्हणून दार लावलेलं, खिडकीला पोतं. आणि पहाटे मालक येऊन त्याच मांगरात गाडी चालू करतो आणि तापत ठेवतो.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या बागेत असंच चाललं होतं. तिथल्या बाईचं डोकं रोज सकाळी दुखायचं, लहान मुलगी खोकत उठायची. सगळे म्हणत होते थंडी बाधली. मी एकदा पहाटे तिथे पंप मागायला गेलो आणि दारातच डोळे चुरचुरले. बाग मालकाला म्हटलं, गाडी आधी ढकलून बाहेर काढा, बाहेर चालू करा आणि लगेच निघा. चौघांनी ढकलली की निघते, पुढे उतारच आहे. त्याने ऐकलं. आठवड्याभरात डोकेदुखी थांबली, पोरीचा खोकला कमी झाला. डॉक्टरकडे जायची वेळ आली नाही. ती बाई मालकाला काही बोलली नव्हती, कारण मालकाला कोण बोलणार?

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात जिथे प्राणवायू बसायचा तिथे तो जाऊन बसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. झोपलेल्या माणसाला हे कळतही नाही. बंद खोलीत शेगडी, जनरेटर किंवा गाडी चालू राहून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो. पेट्रोलच्या गाडीत हा वायू जास्त, डिझेलमध्ये कमी. पण डिझेलचा धूर काजळीचा, छाती धरणारा, आणि गार इंजिनाचा तर सगळ्यात घाण. गाडी बंद शेडमध्ये पेट्रोलवर चालू ठेवणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ आहे, आणि डिझेलवर ठेवलं म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

हे फक्त मांगरातलं नाही. आपल्या घरात पडवीला टेकून गाडी लावतो, आत ओसरीवर म्हातारी झोपलेली असते, दमा असतो. तिला फवारणीच्या दिवशी आपण लांब पाठवतो, औषध नाकात जाऊ नये म्हणून. आणि रोजचा पंधरा मिनिटांचा धूर तिच्या उशाशी सोडतो.

म्हणून उद्यापासून एवढं करा. गाडी उघड्यावर लावा, तोंड रस्त्याकडे करून. शेडमध्येच लावावी लागत असेल तर आधी बाहेर काढा, मग चालू करा, आणि मागे सायलेन्सरच्या तोंडाशी खिडकी-दार येणार नाही असं बघा. चहा आधी प्या. काच पुसा, टायर बघा, मग किल्ली मारा. ऑइलचा दिवा विझला, पट्टा लावला, आरसा बघितला, एवढ्यात अर्धं मिनिट होतं. निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश, इंजिन रडवायचं नाही आणि रेस मारायची नाही.

आणि ज्यांच्या बागेत माणसं मांगरात राहतात त्यांनी त्यांना एकदा स्वतःहून विचारा, सकाळी डोकं दुखतं का. ते आपणहून सांगणार नाहीत.

मोहोराबद्दल पुढच्या वेळी लिहितो. सध्या वरच्या कलमांना बरा आहे, खालच्यांना अजून पालवीच दिसतेय.